चेहऱ्यावरून तसा वाटत नाही

मागच्या पावसाळ्यात एका इंग्रजी कथेचं भाषांतर हाती घेतलं होतं. दुसऱ्याच पानावर सात-आठ वर्षांचा एक मुलगा दार उघडून आत येतो आणि लेखिका त्याच्या चेहऱ्याला एकच विशेषण लावते : चेरुबिक. पुढच्या वाक्यात तो खुर्चीवर बसतो, पाय हलवतो, बिस्किट मागतो. कथा पुढे निघून गेली आणि मी चार दिवस त्या दारातच अडकून पडले.

कच्च्या खर्ड्यात आधी ‘गोंडस’ लिहिलं, मग खोडलं. गोंडस मांजराचं पिल्लूही असतं. त्या शब्दात समोरच्यापेक्षा बघणाऱ्याची माया जास्त असते. ‘बाळसेदार’ तान्ह्या बाळाला शोभतं, दुधाचे दात पडायला लागलेल्या पोराला नाही. ‘गुटगुटीत’ म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बालक स्पर्धा, वजनकाटा आणि मांडीवर तीन वळ्या पडलेलं बाळ. ‘देवदूतासारखा’ लिहून बघितलं, पण त्याला भाषांतराचा वास येत होता. मग ‘निरागस’ लिहिलं. वाक्य लगेच छान वाजायला लागलं. पण त्या रात्री झोप लागेना, कारण त्या मुलाच्या मनात काय आहे हे लेखिकेने अजून सांगितलंच नव्हतं. ती फक्त चेहऱ्याबद्दल बोलत होती. मी मात्र त्याला एका शब्दात निर्दोष सोडून दिलं होतं.

चेरुबिक या शब्दात तीन गोष्टी एकत्र बांधल्यात. गोल चेहरा, गुलाबी गाल आणि पापाचा लवलेश नसलेला जीव. पहिल्या दोन डोळ्यांना दिसतात. तिसरी दिसत नाही, ती पहिल्या दोघींच्या पाठीमागून आत शिरते. मराठीत ही गाठोडी वेगवेगळी आहेत. गोबरा, गुबगुबीत हे शब्द अंगाचे. निष्पाप, भोळा, भाबडा हे मनाचे. आणि ‘निरागस’ तर संस्कृतातला जवळजवळ कोर्टाचा शब्द आहे. आगस् म्हणजे अपराध, पाप. ज्याच्याकडून अपराध घडलेला नाही तो निरागस. इंग्रजीतला ‘इनोसंट’ही मुळात असाच आहे, लॅटिनमधल्या इजा करण्याच्या क्रियापदाला नकार जोडून झालेला. ज्याने कुणाला इजा केली नाही, तो. दोन्ही शब्द माणसाच्या करणीबद्दल बोलतात. त्यात गालाचा संबंध कुठेच नाही.

तरीही आपण तो लावतोच. ‘किती इनोसंट दिसतो गं!’ हे वाक्य आता मराठीच झालंय. बारशाला ऐकू येतं, फोटोखाली दिसतं, मुलगी बघून आलेल्या घरात दबक्या आवाजात बोललं जातं. आरोपीचा फोटो टीव्हीवर आला की हेच वाक्य उलटं होतं. चेहऱ्यावरून तसा वाटत नाही. किंवा, चेहऱ्यावरूनच वाटतो.

चेरुब म्हणजे मूळ कोण, हे शोधायला बसले तेव्हा तर चकितच झाले. बायबलच्या पहिल्या पुस्तकात आदम आणि हव्वेला एदेनच्या बागेतून घालवून दिल्यावर देवाने बागेच्या पूर्वेला चेरुब पहारा द्यायला ठेवले, आणि सोबत फिरती, ज्वालांची तलवार. यहेज्केल संदेष्ट्याच्या दृष्टान्तात त्यांना चार चेहरे आणि चार पंख आहेत. माणूस, सिंह, बैल, गरुड. बघणाऱ्याची छाती दडपावी असले पहारेकरी! अभ्यासक त्यांचं नातं मेसोपोटेमियातल्या देवळा-राजवाड्यांच्या दारांवरच्या पंखधारी रक्षकांशी जोडतात. माणसाचं दाढीवालं डोकं, बैलाचं धड आणि गरुडाचे पंख असलेले ते रक्षक मुंबईकरांनी पाहिलेले आहेत. फोर्टात माणेकजी सेठ अग्यारीच्या दाराशी त्याच घडणीचे दोन पंखवाले बैल बसवलेत. मी एकदा भर दुपारी त्यांच्यासमोर उभी राहून ‘चेरुबिक’ हा शब्द मनात म्हणून बघितला. काही केल्या जमेना.

मग हा पहारेकरी बाळ कधी झाला? युरोपात पंधराव्या-सोळाव्या शतकात चित्रकार आणि शिल्पकार जुन्या रोमन कलेकडे वळले. तिथे कामदेवाची, त्यांच्या क्युपिडची, नागडी गुबगुबीत पंखवाली पोरं होती. ती त्यांनी उचलली आणि देवाच्या आसपास उडवली. हळूहळू चेरुब हे नाव त्या पोरांना चिकटलं. राफाएलने १५१२च्या सुमारास काढलेल्या, आता ड्रेस्डेनमध्ये असलेल्या मॅडोनाच्या चित्रात अगदी तळाशी असे दोघे कोपर टेकून वर बघत बसलेत. एकाने हनुवटी तळहातावर ठेवलीय. शुभेच्छापत्रांवर, बिस्किटांच्या डब्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर तेच दोघे. जुन्या गोव्याच्या चर्चमधल्या वेदींवर लाकडात कोरलेली पंखवाली बाळमुखं दिसतात, ती याच कुळातली. तिथल्या कारागिरांनी कोरताना काही चेहऱ्यांना आपल्याच वाडीतल्या पोरांची नाकं-डोळे दिलेत असं मला नेहमी वाटतं. गाल मात्र सगळ्यांचे फुगलेलेच.

हे सगळं वाचून झालं आणि मला आमच्या शाळेतला तो साहेब आठवला.

साल १९७९. सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी आणि माझा मावसभाऊ पाचवीत एकाच वर्गात होतो. आई आणि मावशी दोघी एकाच गावात दिलेल्या, त्यामुळे आमची दोन घरं म्हणजे एकच. मावसभाऊ गोरा, गोबऱ्या गालांचा, डोळे टपोरे. पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत मावशी रोज त्याच्या गालावर काजळाची तीट लावायची. दृष्ट लागण्यासारखंच पोरगं होतं. त्या वर्षी शाळेची तपासणी झाली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी त्याला उभं करून कविता म्हणायला लावली. तो मध्येच अडखळला आणि हसला. साहेबांनी त्याचा गाल चिमटीत धरला आणि सरांना म्हणाले, ‘‘व्हेरी इनोसंट फेस.’’

सरांनी त्या संध्याकाळी तो शब्द मावशीच्या घरी पोचवला. मावशीला इंग्रजी येत नव्हतं, पण शब्दाचं वजन बरोबर कळलं. पुढे कितीतरी दिवस ती पाण्याच्या आडावर, गिरणीत, देवळात सांगायची, ‘‘तालुक्याचं सायेब म्हनले, पोरगं इनसंट हाय.’’ जणू सरकारी दाखलाच मिळाला होता. आणि खरोखर तो दाखल्यासारखाच चालला, हे मला फार नंतर उमगलं.

आमच्या वर्गात शेवटच्या रांगेत एक पारध्याचा मुलगा बसायचा. नाव लिहीत नाही. गावाबाहेर माळावर त्यांची तीन पालं होती. तो वर्गातल्या सगळ्यांपेक्षा उंच होता, गालफडं बसलेली, कपाळावर एक जुनी खोक. बोलायचा कमी, कारण घरी ते वेगळीच भाषा बोलायचे आणि त्याचं मराठी ऐकून आम्ही हसायचो. पण मधल्या सुट्टीत तो दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेऊन तित्तराचा आवाज काढायचा, असा हुबेहूब की कुसळांतून खरा तित्तर उत्तर द्यायचा. आम्ही दम रोखून ऐकायचो. तेवढ्यापुरता तो आमचा असायचा.

सहल तुळजापूर-नळदुर्गला जायची होती. पाच-पाच रुपये गोळा करून सर ते एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. एका दुपारी मोजले तर वीस रुपये कमी. सरांनी वर्गाला काही विचारलं नाही. डबा टेबलावर ठेवला आणि सरळ शेवटच्या रांगेकडे चालत गेले. मला अजूनही त्या चालण्याचाच राग येतो. पुढे मार बसला तो वेगळा. पण त्या दहा पावलांत त्यांना वाटेत एकदाही शंका आली नाही, आणि आम्हा चाळीस पोरांपैकी कुणालाही आली नाही. त्यांनी त्याची पिशवी उचलून उलटी केली. पाटीचा तुकडा पडला. वर्तमानपत्रात बांधलेली अर्धी भाकरी पडली. एक पेरू पडला आणि घरंगळत गेला. पैसे नव्हतेच. तरी सरांनी छडी उगारली, कारण पैसे सापडले नाहीत म्हणजे त्याने ते आधीच पोचते केले असणार. तो रडला नाही. सर म्हणाले, ‘‘बघा, कसा निगरगट्ट आहे.’’

रडला असता तर म्हणाले असते, नाटकं करतोय.

दोन दिवसांनी मावसभावाने मला चिंचेखाली बोलावून गारेगार दिलं. लाल रंगाचं. मी अर्धं खाल्लं. त्याच्या खिशात चार रंगांच्या रिफिलचं नवं पेन होतं. मी विचारलं, कुठून आणलंस, आणि त्याने सांगून टाकलं. मी काय केलं? काही नाही. उरलेलं गारेगार खाल्लं. मावशीला कळलं तर ती मार देईल याची भीती मला त्याच्यापेक्षा जास्त वाटली. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी असंही वाटलं की त्या मुलाने या वेळी नाही, पण कधीतरी काहीतरी घेतलंच असेल. दहा वर्षांच्या मुलीला हे कुणी शिकवलं? कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. ते हवेत होतं, पाण्यात होतं.

तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. पालंही हलली होती.

मोठेपणी त्या हवेचा पत्ता सापडला. इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. नंतरच्या वर्षांत तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. नोंद झालेल्या माणसाने पोलिसाकडे हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना काढायचा. फासेपारधी त्यात होते. सोलापुरात अशा लोकांना तारेच्या कुंपणाआड ठेवलं होतं, त्या वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. मामाकडे जाताना मी ते नाव ऐकायचे आणि मला ते एखाद्या सोसायटीचं नाव वाटायचं. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणून ती माणसं ‘विमुक्त’. आमची सहल त्यानंतर सत्तावीस वर्षांनी निघाली. कागदावरचा कायदा मेला होता, पण आमच्या सरांच्या त्या दहा पावलांत तो जिवंत होता. त्या कायद्यानंतर पाचच वर्षांनी, १८७६ मध्ये, इटलीत लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरने गुन्हेगार कवटीवरून आणि चेहऱ्यावरून ओळखता येतो असं सांगणारा ग्रंथ छापला. जबडा, कान, कपाळ मोजून. विज्ञानाने तो केव्हाच टाकून दिला. लोकांनी टाकला नाही.

आपल्या बोलण्यात गुणी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या पोराला एक शब्द आहे. गरीब. ‘लई गरीब हाय हो पोरगं’, ‘अगदी गरीब गाय’. खिशाशी त्याचा संबंध नाही, स्वभावाशी आहे. हा शब्द मूळ अरबी. तिथे गरीब म्हणजे परका, परमुलखातून आलेला. फारसीच्या वाटेने येता येता तो निर्धन झाला, आणि मराठीत निर्धनाबरोबरच निरुपद्रवीही झाला. परका, निर्धन आणि कुणाच्या वाटेला न जाणारा. त्या मुलाला या शब्दाचे तिन्ही अर्थ लागू होते. पण आमच्या गावात ‘गरीब’ म्हणायचे ते माझ्या मावसभावाला, ज्याच्या घरी चार एकर बागायत होती.

इंग्रजीतही भोळेपणाच्या शब्दांची अशी परवड झाली आहे. आज मूर्खाला लावतात तो ‘सिली’ एकेकाळी ‘देवाची कृपा असलेला’ या अर्थाचा होता. मग तो निष्पाप झाला, मग कीव येण्याजोगा आणि शेवटी मूर्ख. आपला भोळा पुढे भोळसट होतो तसंच. ‘नाइस’ लॅटिनमधल्या अजाण या अर्थाच्या शब्दावरून आला आणि उलट वाटेने वर चढला. माणसांचा निष्पापपणावर विश्वास फार काळ टिकत नाही, हे शब्दांच्या अंगावर वळासारखं उमटलेलं दिसतं. टिकतो तो फक्त गालांवरचा विश्वास.

आणि तो का टिकतो याचंही उत्तर मिळालं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या कोन्राड लोरेन्झने १९४३ साली मांडलं की मोठं डोकं, मोठे डोळे, फुगीर गाल दिसले की माणसात सांभाळ करण्याची ओढ जागी होते. हे पिल्लांसाठी बरंच आहे, त्याशिवाय कुणाचीच पिल्लं जगली नसती. पण ती ओढ पिल्लापाशी थांबत नाही. लेस्ली झेब्रोविट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यासोबत छोट्या दाव्यांच्या कोर्टात बसून पाहिलं, तर बाळासारख्या चेहऱ्याच्या माणसांवर जाणूनबुजून नुकसान केल्याचा दावा असला की ते हरण्याची शक्यता कमी असायची. हलगर्जीपणाचा दावा असला की उलट, जास्त. म्हणजे न्यायाधीशाच्या मनातही कुठेतरी चालू होतं, की हा वाईट नाही, वेंधळा असेल. १९९१ साली तो अभ्यास छापून आला. आणि २०१४ मध्ये फिलिप अतिबा गॉफ आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अमेरिकेत दहा वर्षांच्या पुढच्या काळ्या मुलांना लोक त्यांच्या वयापेक्षा मोठं आणि गोऱ्या मुलांपेक्षा कमी निष्पाप समजतात. ते वाचताना मला अमेरिका दिसतच नव्हती. आमची शेवटची रांग दिसत होती. तो वर्गात सगळ्यांपेक्षा उंच होता, हे मी मघाशी लिहिलं. त्याचं वय मात्र आमच्याएवढंच होतं. पण आम्ही त्याला लहान मूल म्हणून कधी पाहिलंच नाही. त्याच्या गालावर तीट लावावी असं आमच्या गावात कुणाच्या मनात आलं नसतं. त्याच्या आईच्या मनात आलं असेल.

भाषांतर अखेर पुरं केलं. ‘गोबऱ्या गालांचा मुलगा दार उघडून आत आला,’ एवढंच लिहिलं. संपादकांनी विचारलं, मूळ शब्दातला निष्पापपणा गळला का? मी त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. त्याचं सार इतकंच, की तो मुलगा काय करतो हे पुढच्या चौदा पानांत आहे, वाचकाला ते वाचू द्या. मूळ शब्दाशी मी पुरती प्रामाणिक राहिले नाही हे मला मान्य आहे. भाषांतरकाराने असं करू नये, हेही मला ठाऊक आहे. पण माझ्या हातून तो शब्द उतरेना.

या मार्गशीर्षात मावसभावाच्या नातवाचं जावळ होतं. सगळे जमलो. मावशी आता नाही. मावसभावाचे गाल गेलेत, साखरेने अंग खाल्लंय, मनगटावर घड्याळ सैल फिरतं. नातू मात्र सहीसही तो. आमच्या एका भाचीने बाळाला उचलून फोटो काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘‘आजोबांवर गेलाय अगदी. सो इनोसंट!’’ सगळे हसले. मावसभाऊही हसला, बाळ त्याने आईकडे दिलं आणि अंगणात येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. बराच वेळ आत चाललेली जेवणाची पंगत बघत राहिला.

‘‘तो पेरू,’’ तो म्हणाला.

मला वाटत होतं तो फक्त मला आठवतो. गेल्या पंचेचाळीस-सेहेचाळीस वर्षांत आम्ही त्या दुपारबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

‘‘माझ्या बाकाखाली आला होता घरंगळत. मी पायाने दाबून धरला. सर गेल्यावर उचलला. चांगला पिकलेला होता, अक्का. चावलेला नव्हता. कुणासाठी तरी राखून ठेवला असंल त्यानं.’’

‘‘मग?’’ मी विचारलं.

‘‘दिला नाही परत,’’ तो म्हणाला. आतून त्याला कुणीतरी वाढायला हाक मारली, पण तो उठला नाही.